बाबांना वाईट सिनेमाच हवा

माझ्या भाचीच्या मते त्या जपानी स्टुडिओने आजवर एकही वाईट कार्टून सिनेमा काढलेला नाही. काही थोडे कमी चांगले आहेत, एवढं ती कबूल करते, आणि तेही कुणी फारच पिळलं तर. मी तिला म्हणते, बाई गं, मी तुझी मावशी आहे, हायस्कूलात वीस वर्षं इंग्रजीचे पेपर तपासतेय, वाईट म्हणजे काय हे मला तुझ्यापेक्षा बरं कळतं. त्या स्टुडिओने वाईट सिनेमे काढलेत. निदान पाच तरी. त्यातले चार मी अथपासून इतिपर्यंत पाहिलेत, आणि पाचवा का अर्धवट राहिला तेच इथे सांगायचंय. त्या स्टुडिओतलं कुणी कधी भेटलंच तर त्यांच्या चांगल्या सिनेमांबद्दल मी चकार शब्द काढणार नाही, वाईटांबद्दल मात्र वाकून नमस्कार करीन.

हे सगळं सुरू झालं बाबांच्या गळ्यापासून. बाबा म्हणजे आमचे तीर्थरूप, दशावतारी नाटकांतले राजे. पस्तीस वर्षं त्यांनी राजपार्ट केला. दिवसा भाताची नि काजूची शेती, आणि जत्रांच्या मोसमात डोक्यावर मुकुट. कोकणातल्या नांदगाव स्टेशनापासून आमचं घर स्कूटरवर वीस मिनिटं आत, मध्ये दोन वहाळ, म्हणजे ओढे, नि एक चढ. त्या चढाच्या पलीकडच्या काजूच्या बागेतून बाबांनी हाक मारली की आई इकडे चहाचं आधण ठेवायची. मोबाईल आला तेव्हा आमच्या घरात त्याचा उपयोग काय, हाच प्रश्न होता.

दिवाळीच्या आधी त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. कोल्हापूरला नेऊन काढली. गाठ साधी होती, देवाने वाचवलं. डॉक्टरांनी बजावलं की आता बोलायचं. कुजबुजायचं नाही, तर बोलायचं, रोज थोडं जास्त. गळा नुसता ठेवून दिलात तर आवाज आहे तिथेच आखडून बसेल, मग मी काही करू शकणार नाही. शिमगा झाला की दाखवायला या.

आवाज आला. पण जो आला तो बारीक, चिरका, मध्येच फाटणारा. तरी पहिले चार दिवस बाबा बोलत होते बिचारे. पाचव्या दिवशी फोन वाजला, बाबांनी उचलून हॅलो म्हटलं, आणि पलीकडचा त्यांच्याच नाटक कंपनीतला जुना पेटीवाला अगदी आदराने म्हणाला, काकी, जरा काकांका फोन देतास? बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि पडवीत जाऊन बसले. त्या दिवसापासून बोलणं बंद. एक शब्द नाही.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, रुसलेत, उतरेल. दोन आठवडे गेले, महिना गेला. सगळं हातवाऱ्यांवर. आणि दशावताऱ्याचे हातवारे म्हणजे काय विचारता! पाणी हवं असलं तर उजवा हात असा काही पुढे यायचा, की पाणी द्यावं की निम्मं राज्य द्यावं कळू नये. मी हसायची. आई मात्र घरात पाहुणे आल्यासारखी हळू बोलायला लागली, त्यांना काय हवं-नको ते डोळ्यांनी विचारायला लागली. ते मला जास्त बोचायचं. मी रोज शाळेतून परत येताना चढावर स्कूटर बंद करायची आणि उतारावरून तशीच आणायची, घरातून आवाज येतोय का ते ऐकत. यायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुलगी लग्न करून सासरी का नाही, घरी काय करते? त्याची कारणं आहेत आणि ती मी सांगणार नाही.

नाताळच्या सुट्टीत भाची पुण्याहून आली. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरवर चित्रं काढते आणि त्या जपानी स्टुडिओची भक्त आहे. भक्त म्हणजे, तिच्या खोलीत देव्हारा नाही पण त्या सिनेमांतल्या प्राण्यांच्या बाहुल्या आहेत, आणि त्यांची धूळ ती रोज पुसते. आजोबांची करमणूक म्हणून तिने पेन ड्राइव्हवर सहा सिनेमे आणून टीव्हीला लावून दाखवले, मला बटणं शिकवली आणि गेली.

एकच अडचण होती. सिनेमे जपानी भाषेत, खाली पाट्या इंग्रजीत. बाबांना दोन्ही येत नाही. म्हणून शनिवारी दुपारी शाळा सुटली की जेवून, भांडी घासून, मी टीव्हीसमोर बसायची आणि पाट्या वाचून मोठ्याने मराठीत सांगायची. बाबा खुर्चीत, मी खाली चटईवर, आई स्वयंपाकघराच्या दारात ओले काजूगर सोलत. मराठी कसली, तर नाटकातली. घरात आम्ही मालवणी बोलतो, पण दशावतारातला राजा रंगमंचावर शुद्ध बोलतो, तेव्हा बाबांसमोर जपानी राजाने मालवणी बोलणं बरं दिसलं नसतं.

पहिले पाच सिनेमे, खोटं कशाला बोलू, अप्रतिम होते. गवतावरून वारा जायचा तर आमच्या पडवीतली वर्तमानपत्रं हलताहेत असं वाटायचं. कुणी साधा पाव कापला तरी भूक लागायची. बाबा पुढे सरकून बघायचे, डोळे चमकायचे, शेवटी मान डोलवायचे, उठून हातपाय धुवायला जायचे. आणि बोलायचे काहीच नाही. चांगल्या सिनेमाला माणूस काय बोलणार? सगळं तिथेच असतं. भाचीचा फोन आला की मी सांगायची, आजोबा खूश आहेत. खूश होते, पण गप्प होते.

सहावा सिनेमा लागला आणि पंधरा मिनिटांत मला कळलं की हा पडेल आहे. एक तरुण राजा. राज्यावर संकट. प्रधान येऊन सांगतो, सेनापती येऊन सांगतो, म्हातारी दासी येऊन सांगते. राजा झाडाखाली बसलेला. का बसलाय ते कुणी विचारत नाही, तो सांगत नाही. मधूनमधून त्याच्या डोळ्यांतून पाणी गळतं आणि कॅमेरा ढगांकडे जातो. ढग सुंदर होते, त्याबद्दल वाद नाही. पण ढग बघायला आम्ही दार उघडून बाहेर गेलो असतो. मी पाट्या वाचत होते आणि मनात म्हणत होते, ऊठ रे मेल्या. तिसऱ्यांदा तो रडला आणि माझ्या डोक्यावरून, खुर्चीतून, चिरका, फाटका आवाज आला.

"आवशीक खाव! ह्यो खंयचो राजा?"

आईच्या हातातला काजूगर परातीत पडला. मी मागे वळले नाही. वळले तर ते पुन्हा गप्प होतील अशी भीती वाटली, म्हणून मी पुढची पाटी वाचली. राजा पुन्हा ढगांकडे बघत होता. बाबा टीव्हीला म्हणाले की असा कुठला राजा असतो, रडायचं तर रड, पण कशासाठी रडतोस ते समोर बसलेल्या माणसांना सांगायला नको? लोक काय तुझं पाणी मोजायला बसलेत? मग सिनेमा संपेपर्यंत ते त्या राजाला झोडत होते, मधून खोकत होते, आणि आई दारात पदर तोंडावर धरून उभी होती.

सिनेमा संपला. मी टीव्ही बंद केला आणि अगदी सहज विचारलं, बाबा, चहा घेणार? बाबांनी राजासारखी मान हलवली. तोंड बंद.

रविवारी सकाळी मी भाचीला फोन लावला आणि म्हटलं, तुझ्या त्या स्टुडिओचे सगळ्यात वाईट सिनेमे कुठले ते सांग. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग रागावली. मग तिने मला पंधरा मिनिटं समजावलं की त्या राजाच्या सिनेमात झाड म्हणजे नुसतं झाड नाही. मी म्हटलं, असेल, पण मला असाच अजून हवाय, याहून खराब असला तर उत्तम. शेवटी आजोबा बोलले हे सांगितलं तेव्हा ती यादी करायला बसली. तिचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे ही मंडळी त्या सिनेमांचे नंबर लावतात आणि वरच्या नंबरांवर सगळ्यांचं एकमत असल्यामुळे भांडतात ती तळावर. कुठला शेवटचा, कुठला शेवटून दुसरा. तिथल्या तळातले आणखी चार तिने पाठवले, एका अटीवर. पूर्ण बघितल्याशिवाय मावशीने नावं ठेवायची नाहीत. मी म्हटलं, नावं मी ठेवणारच नाही, त्यासाठी माणूस आहे माझ्याकडे.

मग आमचे शनिवार सुरू झाले. जपानी नावं तोंडात बसेनात, म्हणून आम्ही बारशी केली. पहिला, तो राजाचा, 'रडको'. दुसरा 'सायकलवालो': दोन शाळकरी मुलं सायकलवरून शाळेत जातात, परत येतात, पुन्हा जातात. एकदा चेन पडते. बाबा अर्धा तास सहन करून म्हणाले, कथानक खंय आसा? आणि चेन पडली तेव्हा, चला, कायतरी झाला. तिसरा 'सांगको'. त्यात एक जाड मांत्रिक होता, तो प्रत्येक गोष्ट आधी सांगायचा, मग करायचा, मग काय केलं ते परत सांगायचा. ह्याच्यावर बाबा इतके खवळले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यातूनही ते बोलत राहिले. याने सगळंच सांगून टाकलं तर मी बघू काय? शेंगदाणे?

मी त्या सिनेमांची बाजू घ्यायची. हे मी मुद्दाम करायची, उगाच खोटं नाही सांगत. मांत्रिक काय छान समजावतो, म्हणायची. सायकलवर वारा कसा दाखवलाय बघा, म्हणायची. पण बाबा माझ्याशी वाद घालत नव्हते. ते टीव्हीशीच बोलायचे. मग मी आणखी खोलात शिरले. 'रडको' पुन्हा लावला आणि पाट्या बदलायला लागले. खाली लिहिलेलं असायचं, मी थकलो आहे. मी म्हणायची, प्रधानजी, मला झोप येतेय, तुम्हीच जाऊन लढा ना.

बाबा खुर्चीत ताठ झाले. राजा असो बोलणा नाय, असं टीव्हीला म्हणाले, आणि मग त्या चिरक्या आवाजात, हात वर करून, दशावतारातल्या भाषेत राजाचं खरं वाक्य त्यांनी म्हटलं. "प्रधानजी, मुकुट जड झाला म्हणून आम्ही बसलेलो नाही. तुम्ही सारे खरं बोलेनासे झालात, म्हणून बसलो आहोत." त्या सिनेमाला जे दोन तासांत जमलं नव्हतं ते बाबांनी दोन वाक्यांत केलं. नुसता आवाज तेवढा राजाचा नव्हता.

इथे एक सांगायला हवं. दशावतारात वाक्यं लिहिलेली नसतात. खेळ सुरू व्हायच्या आधी कथा काय ते ठरतं, कुणी कुणाला मारायचं ते ठरतं, बाकी सगळं उभ्याउभ्या. समोरचा काय बोलेल ते कुणाला माहीत नसतं. म्हणून मी पाट्या बदलत होते त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं, बापाचंच रक्त. पण ज्याने पस्तीस वर्षं उभ्याउभ्या वाक्यं रचली त्याच्यासमोर मी रचत होते, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. 'सांगको' दुसऱ्यांदा लावला तेव्हा मी मांत्रिकाच्या तोंडी जेवणाची सगळी तयारी घातली, खोबरं किती नि मिरच्या किती. बाबा ऐकत राहिले. मग मांत्रिकाला म्हणाले:

"ह्या बाईचा तू ऐका नको रे. तू तोंड हलयलंस तीनदा, आणि ही बोलली धा वाक्यां."

आई दारात खो खो हसली. मीही हसले. पण हसता हसता मला इतका राग आला म्हणून सांगू! चार महिने मी या माणसाची गोळी-औषधं बघतेय, गरम पाण्याची वाफ देतेय, आणि हा माझी तक्रार सांगतोय कुणाला, तर टीव्हीतल्या रंगवलेल्या जपानी मांत्रिकाला. माझ्या तोंडावर मला नाही सांगत. टीव्ही बंद झाला की पुन्हा ते राजेशाही हातवारे. रविवार ते शुक्रवार घर मुकं.

आईला याचं काही वाटायचं नाही. निदान दाखवायची नाही. तिचं एकच, शनिवारी कुठला लावणार? वायट आसा मां? चांगलो लावू नको हां, गेल्या खेपेस जरासो बरो होतो, ते मध्येच गप रवले. एकदा मी चुकून भाचीच्या आवडीचा एक चांगला लावला, तेव्हा सिनेमा संपल्यावर आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दूध उतू घालवलंय.

चौथा वाईट सिनेमा बोलक्या बगळ्यांचा होता. त्याला बाबांनी नाव ठेवलं नाही, कारण तो सुरू असताना ते बगळ्यांना हाकलत होते. मार्च लागला. काजूचा मोसम भरात आला, बोंडांचा वास सगळ्या वाडीत पसरला, शिमगा तोंडावर आला. शिमग्यानंतर डॉक्टर. मी कोल्हापूरला फोन करून विचारलं की आठवड्यातून एकदा दोन तास पुरेल का. डॉक्टर म्हणाले, टीव्हीशी? मी म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, ताई, माणसाशी बोलायला हवं. भांडत का होईना, पण रोज.

आणि माझ्याकडे वाईट सिनेमा उरला होता एकच.

तो मी शिमग्याच्या आधीच्या शनिवारी लावला. भाचीच्या गटात तो अगदी तळाला होता, आणि का ते वीस मिनिटांत कळलं. एक म्हातारा कप्तान समुद्रावरून कायमचा घरी परत येतो. बेटावर दीपगृह, त्यात त्याची मुलगी. बस्स. दोघं समोरासमोर बसून सूप पितात आणि हवामानावर बोलतात. उद्या धुकं असेल. परवाही असेल. मुलगी खिडकी उघडते, लावते. कप्तान मिशी पुसतो. इतके चांगले चित्रकार, एवढे पैसे, आणि यांना एकमेकांशी बोलण्यासारखं दुसरं काही सापडत नाही! बाबा सुरुवातीला दोनदा काहीतरी पुटपुटले. मग तेही थांबले. मी घाबरले. या सिनेमात राग येण्याइतकंही काही नव्हतं. हा वाया गेला की संपलं, मग माझ्याजवळ काही नव्हतं.

पडद्यावर मुलीने कप्तानाच्या वाडग्यात सूप वाढलं आणि ती काहीतरी म्हणाली. खाली पाटी आली, उद्या वारा फिरेल असं दिसतं. मी ती वाचली. आणि ती सांगायच्या ऐवजी माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तात, आपण माझ्याशी का बोलत नाही? त्या परक्या राजाशी बोलता, मांत्रिकाशी बोलता, बगळ्यांशी बोलता. मी रोज घरी परतताना कान देत येते. मी आपली कुणी नाही का?"

मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. ही खोडी होती की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. पण एक मला पक्कं ठाऊक होतं. दशावतारात समोरच्याने टाकलेलं वाक्य उचलावंच लागतं. ते कितीही आडवं असो, ठरलेल्या कथेबाहेरचं असो, ते अधांतरी सोडणं म्हणजे नटाची बेअब्रू. बाबा सांगायचे, ताप भरलेला असताना, एकदा तर मुकुट सुटून पडलेला असतानाही त्यांनी असं वाक्य सोडलं नव्हतं.

टीव्हीवर कप्तान सूप पीत होता. खुर्ची करकरली.

"कन्ये," बाबा म्हणाले. आवाज फाटला, त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. "कन्ये, आम्ही परतलो, परंतु आमचा आवाज परतला नाही. हा जो तुझ्या कानी पडतो आहे, हा कुणा परक्याचा आहे. परक्याला घरात कसा घ्यावा, म्हणून आम्ही..." तिथे ते थांबले. आणि पुढचं बोलले ते राजाच्या भाषेतलं नव्हतं. "चेडवा, त्या दिसा तेना माका काकी म्हटल्यान गो. पस्तीस वर्सां राजा केलंय मी. तुमच्या फुडे तोंड उघडूची माका लाज वाटता."

मी मागे वळले. ते टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, दिवाळीनंतर पहिल्यांदा असं सरळ. वर्गात साठ पोरांपुढे तास घेणारी बाई मी, मला एक वाक्य सुचेना. नुसते डोळे वाहायला लागले.

बाबा भुवई वर करून म्हणाले, "गप कित्याक रवलंस? माझा वाक्य झाला. आता तुझा."

तेवढ्यात दारातून आई पुढे आली. काजूच्या चिकाने हात काळे झालेले, ते तसेच वर धरून.

"तां काय बोलतलां, रडता तां. मी बोलतंय," आई म्हणाली. "दिवाळीपासून माझ्या जेवणाक तुमी एक नाव ठेवलास नाय. वाढला तां गप गिळतास. माका वाटाक लागला, माझ्या हाताची चवच तुमका कळणा नाय आता. ह्येचा उत्तर द्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हा समोरून आलेला दुसरा वार होता, आणि तोही अधांतरी सोडायची सोय नव्हती. खाकरले. आणि त्या बारीक, चिरक्या, काकींसारख्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाले, "आमटीत मीठ कमी आसता. दिवाळीपासून."

आई भडकली. चार महिने आळणी आमटी खाल्लीत आणि तोंडातून सांगता आलं नाही? बाबा म्हणाले, सांगणार कसं, तू इतकी गोड वागत होतीस, मला वाटलं मी मरणार आहे आणि मलाच कुणी सांगितलेलं नाही. आईने आमच्याकडची शिवी हासडली, शिरा पडो तुमच्या तोंडार. बाबा म्हणाले, मीठही टाक थोडं. मग मिठावरून गोष्ट गेल्या वर्षीच्या भातावर गेली, भातावरून आईच्या भावावर, आणि तिथून मागे यायचं नाव नाही. बाबांचा आवाज दर चौथ्या शब्दाला फाटत होता आणि ते त्याची पर्वा न करता पुढे रेटत होते, कारण थांबले तर आई तेवढ्यात दोन वाक्यं जास्त बोलून जात होती.

कप्तान आणि त्याची मुलगी अजून खिडकीशी बसून धुक्याकडे बघत होती. मी डोळे पुसले, रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.